पिवळ्या पानांचे दुखणे, आंबट मातीचे औषध

2022 च्या मे महिन्यात आम्ही दोघे मुलाकडे न्यू जर्सीला गेलो होतो. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात घेऊन मी मागच्या अंगणात आले, तर घराच्या भिंतीलगत कमरेएवढी तीन झुडपे ओळीने उभी होती. ती ब्ल्यूबेरीची होती. 2019 साली, नातीच्या जन्माच्या वर्षी, सूनबाईने ती हौसेने लावली होती. पण शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी पडलेली आणि शिरा तेवढ्या हिरव्या. एखाद्या जाळीदार पोलक्यासारखे पान दिसत होते.

माझे माहेर सांगलीकडचे. उसाच्या खोडव्याची पाने अशी पिवळी पडली की वडील म्हणत, "केवडा पडला." त्यामुळे दुखणे माझ्या ओळखीचे होते. औषध मात्र मी भलतेच केले! तीस वर्षे गच्चीवर गुलाब, मोगरा आणि कढीपत्ता फुलवल्याचा अभिमान मनात होताच. हिवाळ्यात शेकोटीत जाळलेल्या लाकडांची राख गॅरेजमध्ये बादलीभर पडून होती. ती प्रत्येक झाडाला दोन-दोन ओंजळी घातली. वर अंड्यांच्या टरफलांचा चुरा टाकला. सूनबाई दारात उभी राहून पाहत होती. म्हणाली, "आई, तुमचा हात लागला म्हणजे येतील हं आता वर."

झाडे वर आली नाहीत. जून संपेपर्यंत नवी पाने हिरवी होण्याऐवजी जवळजवळ पांढुरकी निघू लागली आणि तिसऱ्या झाडाची पाने कडेने करपू लागली. सूनबाई काही बोलली नाही. न बोलल्यामुळेच मला अधिक लागले.

शेवटी मुलाने मातीचा नमुना विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल आला तेव्हा सगळा उलगडा झाला. ज्या झाडाला आंबट माती हवी, त्याला मी चुना खाऊ घातला होता!

आता आपल्याकडेही रोपवाटिकांतून ब्ल्यूबेरीची रोपे मिळू लागली आहेत. अनेकजण ती कुंडीत लावतात आणि काही महिन्यांत पाने पिवळी पडली म्हणून हळहळतात. माझी चूक त्यांच्या उपयोगी पडावी, म्हणून हा लेख.

हे झाड निराळे का?

ब्ल्यूबेरी ही मूळची उत्तर अमेरिकेतील रानटी झुडपे. हिमालयात फुलणारा बुरांश आणि बागेतील अझेलिया ही तिची भावंडे. या कुळातील झाडांना ओलसर, वाळूमिश्रित, पालापाचोळा कुजून आंबट झालेली जमीन मानवते.

जमिनीचा आंबटपणा सामूवरून, म्हणजे पीएचवरून कळतो. सामू 7 असेल तर माती ना आंबट ना खारी. 7 च्या खाली आंबट म्हणजे आम्लधर्मी आणि 7 च्या वर विम्लधर्मी. एक अंक उतरला की आंबटपणा दहा पटींनी वाढतो. आपल्या बहुतेक भाज्या-फुलांना 6 ते 7.5 सामू चालतो. ब्ल्यूबेरीला मात्र 4.5 ते 5.5 च्या दरम्यानचा लागतो.

हे माणसाला उशिराच कळले. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत अमेरिकेत लोक ब्ल्यूबेरी रानातूनच वेचून आणत. घरच्या बागेतील सकस, खतावलेल्या मातीत लावली की ती खुरटून जाई. फ्रेडरिक कोव्हिल या सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञाने प्रयोग करून 1910 साली दाखवून दिले की या झाडाला आंबट मातीच हवी. त्याचे काम वाचून न्यू जर्सीतल्या व्हाइट्सबॉग येथील एलिझाबेथ व्हाइट या बागायतदारकन्येने त्याला आपल्या जमिनीवर प्रयोग करण्यास बोलावले. रानात मोठी फळे देणारी झुडपे हुडकून आणणाऱ्यांना ती पैसे देई आणि झुडपाला शोधणाऱ्याचेच नाव देई. या दोघांच्या मेहनतीतून 1916 साली लागवडीच्या ब्ल्यूबेरीचे पहिले पीक बाजारात गेले. म्हणजे जी चूक मी 2022 मध्ये केली, तिचे उत्तर त्याच राज्यात शंभर वर्षांपूर्वी सापडलेले होते.

आधी पाहा, नवे पान की जुने?

झाड बोलत नाही, पण पाने बोलतात. पाने पिवळी दिसली की आपण लगेच खताची पिशवी उघडतो. तसे न करता आधी पिवळेपणा कोठून सुरू झाला ते पाहावे. शेंड्याकडच्या नव्या पानांपासून की खालच्या जुन्या पानांपासून? निम्मे निदान येथेच होते.

कारण सोपे आहे. नत्र, मॅग्नेशियम, पालाश ही द्रव्ये झाड एका पानातून दुसऱ्या पानात हलवू शकते. ती कमी पडली की झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना देते. आई स्वतः अर्धपोटी राहून मुलांना वाढते ना, तसेच. त्यामुळे जुनी पाने आधी पिवळी पडतात. लोह मात्र असे हलवता येत नाही. ते कमी पडले की नव्या पानांनाच उपास घडतो.

नवी पाने पिवळी, शिरा हिरव्या : ही लोहाची कमतरता. ब्ल्यूबेरीत सर्वाधिक आढळणारे दुखणे हेच. पण मातीत लोह नसते असे नाही. लोह भरपूर असते, पण सामू वाढला की ते मुळांना घेता येईल अशा रूपात राहत नाही. म्हणजे कोठीघर भरलेले, पण किल्ली हरवलेली! ती किल्ली म्हणजे आंबटपणा. चुनखडीच्या रानात उसावर केवडा पडतो तोही याच कारणाने.

खालची जुनी पाने सरसकट फिकट : पान लहान, फांद्यांची वाढ खुंटलेली, क्वचित पानांवर तांबूस झाक. ही नत्राची कमतरता. बुंध्याशी लाकडाचा ताजा भुसा पसरला असेल तर तो कुजताना मातीतील नत्र ओढून घेतो, त्यामुळेही असे होते.

जुन्या पानांची कड व शिरांमधला भाग पिवळा किंवा लाल, मधल्या शिरेलगतचा भाग मात्र हिरवा : हे मॅग्नेशियमच्या कमतरतेचे लक्षण.

पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत : पाणी कमी पडले असेल, खत जास्त झाले असेल किंवा पाण्यात क्षार असतील. ब्ल्यूबेरीच्या मुळांना केसासारखे मूलरोम नसतात आणि मुळे अगदी वरच्या थरात पसरतात. म्हणून उन्हाचा ताण आणि खताचा जाच तिला लवकर लागतो.

झाड मलूल, पाने पिवळी-लाल, नवी फूट बंद आणि माती मात्र ओली : मुळे कुजत आहेत. येथे आणखी पाणी घातले तर झाड हाताचे जाईल. पाणी थांबवून निचरा सुधारावा.

लाल पाने दिसली की घाबरू नका

थंड प्रदेशात हिवाळ्यापूर्वी ब्ल्यूबेरीची पाने लालभडक होतात आणि गळतात. तो ऋतूचा रंग आहे. वसंतातही थंडी रेंगाळली तर कोवळी पाने तांबूस निघतात आणि ऊब वाढल्यावर आपोआप हिरवी होतात. मात्र ऐन वाढीच्या दिवसांत एकाच फांदीची पाने लाल होऊन सुकू लागली, तर ती फांदी न्याहाळावी. फांदी पोखरणारी अळी किंवा बुरशी असू शकते. रोगट भागाच्या बरेच खाली, आतले लाकूड स्वच्छ दिसेल तेथे, फांदी कापून टाकावी आणि कात्री स्पिरिटने पुसून मगच दुसऱ्या फांदीला लावावी.

ठिपके, बुरशी आणि पाहुणे किडे

पानांवर मध्ये पांढुरके आणि भोवती जांभळट कड असलेले लहान गोल ठिपके हे बुरशीचे काम. पानावर पिवळे डाग आणि पान उलटून पाहिले तर मागे नारिंगी-पिवळी पूड, हा तांबेरा. पिठासारखा पांढरा थर म्हणजे भुरी. घरच्या दोन-चार झाडांसाठी लगेच औषध फवारण्याची गरज नसते. गळलेली पाने गोळा करून बागेबाहेर टाकावीत, दाट फांद्या विरळ कराव्यात आणि पाणी पानांवर न ओतता बुंध्याशी द्यावे. एवढ्यानेही प्रादुर्भाव पुष्कळ कमी होतो.

न्यू जर्सीत जूनअखेर एक चकचकीत हिरव्या अंगाचा, तांबड्या पंखांचा भुंगेरा येतो. त्याला जपानी भुंगेरा म्हणतात. अमेरिकेत तो सर्वप्रथम 1916 साली, याच न्यू जर्सीतल्या रिव्हरटन गावाजवळ सापडला. तो पानाच्या शिरा तेवढ्या ठेवतो आणि मधला भाग खातो. यावरचा उपाय नातीला फार आवडला. सकाळी गारव्यात भुंगेरे सुस्त असतात, तेव्हा फांदीखाली साबणाच्या पाण्याचे भांडे धरून फांदी हलवायची. पटापट पाण्यात पडतात!

कोवळी पाने वळून चिकट झाली असतील तर मावा आहे असे समजावे. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो धुऊन जातो. पानांवर भडक पिवळे, नारिंगी वा गुलाबी चट्टे पडले आणि दरवर्षी त्याच झाडावर दिसू लागले, तर विषाणूची शंका घ्यावी. त्यावर औषध नाही. जाणकाराला दाखवून खात्री झाल्यावर झाड काढून टाकणेच शेजारच्या झाडांच्या हिताचे.

फवारणी करावीच लागली, तर औषध फळझाडासाठी मान्य केलेले आहे ना आणि फवारल्यानंतर किती दिवस फळ तोडायचे नाही, हे वेष्टनावर वाचल्याशिवाय बाटली उघडू नये. हे फळ मुले झाडावरून तोडून थेट तोंडात टाकतात, हे विसरता कामा नये.

आम्ही काय केले

अहवालात सामू 6.9 आला होता. राखेचा दोष होताच, पण एकट्या राखेचा नव्हता. झुडपे घराच्या सिमेंटच्या पायालगत होती. पावसाने सिमेंटमधला चुना झिरपत झिरपत मातीत उतरतो. म्हणजे झाडे आधीच आजारी होती, मी त्यावर मीठ चोळले.

प्रथम वरची राख आणि टरफले मातीच्या थरासकट अलगद खरवडून काढली. तात्पुरता आराम म्हणून चिलेटेड लोह वेष्टनावर दिलेल्या प्रमाणात पाण्यात मिसळून संध्याकाळी पानांवर फवारले. दोन आठवड्यांत नव्या पानांवर हिरवी झाक आली. पण हा ताप उतरवण्याच्या गोळीसारखा उपाय, रोग त्याने जात नाही.

खरा उपाय गंधकाचा. मातीतील जिवाणू गंधकाचे आम्ल बनवतात आणि सामू हळूहळू उतरतो. याला काही महिने लागतात, थंडीत तर हे काम जवळजवळ थांबते. गंधक किती घालायचे हे माती वाळूची की चिकण यावर अवलंबून असते, म्हणून अहवालात सांगितले तेवढेच घातले. घाईने दुप्पट घातले तर मुळे भाजतात. नवी लागवड करायची असेल तर आदल्या वर्षीच माती तपासून गंधक मिसळावे.

नत्रासाठी अमोनियम सल्फेट आणले. ब्ल्यूबेरीला अमोनियमच्या रूपातील नत्र मानवते, नायट्रेटच्या रूपातील नाही. लहान झाडाला साधारण 25 ते 30 ग्रॅम, खोडापासून दूर गोलाकार पसरून द्यावे आणि वर पाणी घालावे. थंड प्रदेशात हे खत वसंतात द्यायचे आणि जुलैनंतर बंद करायचे. नाहीतर उशिरा आलेली कोवळी फूट थंडीत मरते. शेणखत, राख, चुना, अंड्याची टरफले या आपल्या नेहमीच्या वस्तू या झाडापासून दूर ठेवायच्या.

मी ऑक्टोबरात परतले. नोव्हेंबरात पाने गळाल्यावर मुलाने झाडे भिंतीपासून दूर, पीट मॉस आणि पाइनच्या सालीचा चुरा मिसळलेल्या उंच वाफ्यात हलवली, वर पाइनच्या सुयांसारख्या पानांचे आच्छादन पसरले आणि पावसाचे पाणी साठवायला पन्हाळीखाली पिंप ठेवले. 2023 चा उन्हाळा झाडे नुसती सावरण्यात गेली. तिसरे झाड वाचले नाही.

आपल्या कुंडीतली ब्ल्यूबेरी

आपल्याकडे हे झाड लावायचे तर पहिला प्रश्न जातीचा. उत्तर अमेरिकेतील थंड भागांतल्या जातींना लांब हिवाळा लागतो. पुणे, नाशिक, बंगळूर अशा हवेसाठी कमी थंडीवर फळणाऱ्या 'सदर्न हायबुश' गटातील जातीच निवडाव्यात. रोप घेताना जात विचारूनच घ्यावी.

दुसरा प्रश्न मातीचा. दख्खनच्या काळ्या मातीत चुनखडी असते. तिचा सामू गंधकाने उतरवत बसणे म्हणजे समुद्राचे पाणी गोडे करण्यासारखे आहे. त्यापेक्षा मोठ्या कुंडीत, तळाला भरपूर भोके ठेवून, दोन-तीनदा धुतलेला कोकोपीट, पाइनच्या सालीचा चुरा आणि चांगला कुजलेला पालापाचोळा यांचे मिश्रण भरावे. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये क्षार असू शकतात. कोकणातील जांभी माती मुळात आम्लधर्मी असते, पण तीही तपासूनच वापरावी. कृषी विज्ञान केंद्रात माती तपासून मिळते.

तिसरा आणि सर्वांत दुर्लक्षित प्रश्न पाण्याचा. मिश्रण कितीही चांगले असले तरी बोअरवेलचे जड पाणी रोज घातले की सामू पुन्हा चढतो. नळाच्या तोटीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरे कीट साचत असेल तर पाणी जड आहे असे समजा. शक्य तेवढे पावसाचे पाणी साठवून वापरावे. ते संपल्यावर बादलीभर पाण्यात चिमूट-चिमूट लिंबूसत्त्व घालून, पीएच कागदाने 5 च्या आसपास आणून ते द्यावे. अंदाजाने ओतू नये. व्हिनेगरचा परिणामही असाच थोडा वेळ टिकणारा असतो.

एप्रिल-मेच्या उन्हात पानांच्या कडा करपतात. तेव्हा सकाळचे ऊन मिळेल आणि दुपारी सावली राहील अशी जागा द्यावी. पावसाळ्यात कुंडी एकमेकींना खेटून ठेवू नये, म्हणजे तांबेरा आणि ठिपके आटोक्यात राहतात.

आणि ब्ल्यूबेरी लावायची नसेल तरी हे निदान वाया जाणार नाही. दारातल्या अनंताची नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात का, पाहा. अनंतालाही आंबट माती आवडते आणि जड पाण्याने त्याचे असेच हाल होतात. मी परत आल्यावर पहिली माझ्या गच्चीवरच्या अनंताखालची राख काढली.

थोडक्यात लक्षात ठेवा

• नवी पाने पिवळी, शिरा हिरव्या : सामू तपासा. खत नव्हे, आंबटपणा हवा.
• जुनी पाने सरसकट फिकट : नत्र द्या, पण अमोनियमच्या रूपात आणि बेताने.
• जुन्या पानांच्या शिरांमध्ये पिवळे-लाल : मॅग्नेशियम कमी आहे. माती तपासून मगच द्या.
• कडा तपकिरी : पाणी, ऊन, खताचा अतिरेक किंवा क्षार.
• माती ओली, झाड मलूल : पाणी थांबवा, निचरा पाहा.
• एकच फांदी लाल, सुकलेली : निरोगी लाकडापर्यंत कापा.
• ठिपके, तांबेरा : रोगट पाने उचला, पाणी बुंध्याशी द्या.
• राख, चुना, टरफले, शेणखत : कधीही नाही.

2024 च्या जुलैत सूनबाईने फोटो पाठवला. पाच वर्षांच्या नातीच्या हातात वाटी, वाटीत निळीजांभळी फळे आणि मागे गर्द हिरवी पाने. खाली लिहिले होते, "आई, दोन्ही झाडं भरली आहेत. पुढच्या वर्षी या, पण राख नका आणू!" मी मनापासून हसले. झाडाचे आणि घरच्या माणसांचे एका बाबतीत सारखेच असते. आपल्याला जे चांगले वाटते ते त्यांना मानवेलच असे नाही. आधी पाहावे, विचारावे आणि मगच ओंजळ पुढे करावी.